लिहायची पेन्सिल की कंडक्टरची बॅटन?

«काका, नमस्कार. तुमचं सदर पप्पा मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणून धीर करून लिहिते. मी 26 वर्षांची, वसईला राहते, एका सहकारी बँकेत नोकरी करते. नऊ वर्षांची असल्यापासून व्हायोलिन, थोडाफार पियानो, आणि गेली सहा वर्षं आमच्या चर्चचा कोयर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, मी घेते. गेल्या वर्षी तंतुवाद्यांसाठी अकरा मिनिटांची एक रचना लिहिली. आजोबांच्या विहिरीवरच्या रहाटाच्या आवाजावरून सुचली. तिची पहिली बारा पानं सोबत पाठवते. मला कंपोजर व्हायचंय आणि वाद्यवृंदाची कंडक्टरही, फिनलंडच्या एसा-पेक्का सालोनेनसारखं. माझे व्हायोलिनचे सर म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवशील तर मधल्या पाण्यात पडशील, काय ते एक ठरव. पप्पा म्हणतात, परदेशी शिकायचं असेल तर वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकू. आई काहीच बोलत नाही. शेजारच्या काकींना पप्पांनी सांगितलं, पोरगी कंडक्टर होणार, तर त्या म्हणाल्या, "एसटीत का बेस्टमध्ये?" सगळे हसले, मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. मला उशीर झालाय का? आणि दोन्हींतलं काय निवडू?
– एक वसईकर»

प्रिय वसईकर,

काकींचा प्रश्न तुला लागला, पण तो वाटतो तितका वेडगळ नाही. एसटीचा कंडक्टर स्टिअरिंगला हात लावत नाही, तरी त्याची डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलत नाही. आमच्या धंद्यातल्या कंडक्टरचं निराळं काय असतं? स्टेजवर साठ-सत्तर माणसं, आणि त्यांत आवाज न करणारा हा एकटाच. काकींना पुढच्या वेळी एवढं सांग आणि झोप.

आता मी कुठून बोलतोय ते सांगतो, म्हणजे माझा सल्ला किती धरायचा ते तुला ठरवता येईल. मी तीसेक वर्षं व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची खालच्या सुरांची थोरली बहीण, वाजवली. निम्मी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, निम्मी सिम्फनीच्या कार्यक्रमांना. मी कंपोजर नाही, कंडक्टर तर नाहीच. पण या दोन्ही जातींची माणसं वाद्यवृंदातल्या तिसऱ्या डेस्कवरून जशी दिसतात तशी ती समोरच्या प्रेक्षकाला कधी दिसत नाहीत. प्रेक्षकाला त्यांची पाठ दिसते. आम्हाला तोंड दिसतं.

तुझे सर निम्मे बरोबर आहेत. ही दोन कामं एकमेकांचा वेळ खातात, यात शंका नाही. पण ती दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत हा समज फार जुना नव्हे. मेंडेल्सोन 1835 पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदापुढे उभा राहत होता. माहलर 1897 ते 1907 अशी दहा वर्षं व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा कारभार हाकत होता. लिहिणाऱ्यानेच हात चालवायचा यात तेव्हा कुणाला नवल वाटत नसे. तेव्हा सरांना मी उलट विचारेन: दोन्हींतलं कुठलं काम दुसऱ्याच्या पोटी जन्मलं? तुझ्या बाबतीत याचं उत्तर काय, ते तुझ्या पत्रात नाही. आणि सालोनेनच्या बाबतीत ते अगदी स्पष्ट आहे, म्हणून आधी त्याचीच गोष्ट नीट बघू. बाहेरून दिसते तशी ती नाही.

जन्म 1958, हेलसिंकी. वाद्य हॉर्न. सिबेलियस अकादमीत तो हॉर्न आणि लिहिणं शिकायला गेला. राउताव्हारा हे त्याचे शिक्षक, पुढे इटलीत दोनातोनी आणि कास्तिलिओनी. त्याच्या बरोबरीची मंडळी, म्हणजे माग्नुस लिंडबर्ग, काइया सारिआहो, सगळी लिहिणारी, आणि सगळ्यांचं दुखणं एकच: आपलं नवंकोरं वाजवणार कोण? 1977 च्या सुमारास या पोरांनी 'कोर्वात आउकी' नावाचा गट काढला. अर्थ सरळ आहे: कान उघडे. आता नवीन संगीत वाजवायचं तर कुणीतरी समोर उभं राहून हात चालवायला हवा, आणि बाहेरच्या कंडक्टरला द्यायला पैसे कुणाकडे होते? सालोनेन उभा राहिला. कंडक्टिंग त्याने योर्मा पानुला यांच्याकडे शिकून घेतलं, पण गरज निघाली होती ती लिहिण्यातून.

पानुलांच्या वर्गाबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण तुझ्या कामाच्या आहेत. तिथे विद्यार्थी आरशासमोर हात हलवत बसत नसत. समोर खरे वादक असत, हाडामांसाचे. प्रत्येकाला थोडाच वेळ मिळे, त्याचं व्हिडिओ चित्रण होई, आणि मग सगळे बसून ते बघत. स्वतःचा डावा हात सतत उजव्याची नक्कल करतोय हे एकदा पडद्यावर बघितलं की गुरुजींनी बोलायची गरज उरत नाही.

मग 1983 चा सप्टेंबर. लंडनचा फिलहार्मोनिया वाद्यवृंद माहलरची तिसरी सिम्फनी करणार होता आणि कंडक्टर मायकेल टिल्सन थॉमस यांना ऐनवेळी येता आलं नाही. सालोनेन पंचवीस वर्षांचा, ही सिम्फनी त्याने कधी कंडक्ट केलेली नव्हती, हातात मोजके दिवस. दीड तासाहून लांब रचना, दोन कोयर, एक गायिका. सुरुवात आठ हॉर्नच्या एकसुरी हाकेने होते, आणि समोर उभा राहिला तोही मुळातला हॉर्नवालाच. (हा योगायोग मला फार आवडतो. कुठल्याच माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही.) त्या एका रात्रीने तो जगभर कंडक्टर म्हणून ओळखला जाऊ लागला.

गंमत बघ. ती सिम्फनी माहलरने लिहिली 1895 आणि 1896 च्या उन्हाळ्यांत, आटरसे तळ्याकाठी श्टाइनबाखला, एका खोलीच्या झोपडीत. वर्षभर तो हॅम्बुर्गच्या ऑपेरात दुसऱ्यांची कामं उभी करी. ऑपेराला सुट्टी लागली की झोपडीत जाऊन बसे. म्हणजे एका कंडक्टरने रजेत लिहिलेल्या रचनेने एका कंपोजरला कंडक्टर करून टाकलं, आणि नंतर त्याला स्वतःला लिहायला रजा मिळेना.

हे शेवटचं मी उगाच म्हणत नाही. पुढची दहा-बारा वर्षं बघ. स्टॉकहोमचा रेडिओ वाद्यवृंद, मग 1992 पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक. या काळात त्याच्या नावावर लिहिलेल्या रचना आहेत, पण मोठ्या वाद्यवृंदासाठीचं, ज्याने कंपोजर म्हणून त्याच्याकडे लोक वळून बघू लागले, ते काम 1997 च्या जानेवारीत वाजलं: 'एलए व्हेरिएशन्स'. तेव्हा तो 38 वर्षांचा होता. 2000 मध्ये त्याने कंडक्टिंगमधून वर्षभराची सुट्टी घेतली ती लिहायला. 2009 मध्ये सतरा सीझन झाल्यावर लॉस एंजेलिस सोडलं, त्यातही लिहायला वेळ हवा हे कारण त्याने उघड सांगितलं. जाता जाता एप्रिलमध्ये व्हायोलिनवादक लीला जोसेफोविझसाठी लिहिलेला व्हायोलिन कॉन्चेर्टो झाला. त्याच्या तिसऱ्या भागात ऑर्केस्ट्राच्या मधोमध चक्क रॉकवाल्यांचा ड्रमसेट आहे. आणि शेवटच्या भागाचं नाव 'आद्यू', निरोप. त्या रचनेला 2012 चं ग्रॉमायर पारितोषिक मिळालं, एक लाख डॉलरचं.

तू म्हणशील, मग झालं की, दोन्ही जमलं! जमलं. पण कशाने जमलं ते बघ. 'एलए व्हेरिएशन्स' ज्या लोकांसाठी लिहिली, त्यांच्यासमोर तो चार-पाच वर्षं आठवड्यामागून आठवडे उभा होता. कुठला क्लॅरिनेटवाला वरच्या सुरांत निर्धास्त आहे, कुठल्या डेस्कवर धोका घ्यायचा नाही, हे त्याला पाठ होतं. कंडक्टिंगने त्याच्याकडून वर्षं घेतली आणि बदल्यात माणसं दिली. हा सौदा आहे, आणि तो सौदा म्हणूनच करायचा असतो.

एक तळटीप, कारण तू पत्रात 'सालोनेनसारखं' म्हणालीस. 2020 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचा संगीत दिग्दर्शक झाला, ज्यांच्या जागी 1983 ला उभा राहिला होता त्याच टिल्सन थॉमस यांच्यानंतर. 2024 च्या मार्चमध्ये त्याने जाहीर केलं की करार वाढवणार नाही, संस्थेच्या भवितव्याबद्दल नियामक मंडळाशी मतं जुळत नाहीत. त्याच वर्षी स्वीडनचा पोलर पुरस्कार त्याला मिळाला. एवढा मोठा माणूस, पण खुर्ची शेवटी मंडळाचीच असते. लिहिलेली पानं तेवढी आपली.

आता घराजवळ येऊ.

तुझ्या वयाच्या मुंबईकरांना मी वनराज भाटियांबद्दल विचारतो तेव्हा 'मंथन', 'भूमिका', 'तमस' एवढं कळतं. तेही पुष्कळ झालं. पण 1927 साली मुंबईत जन्मलेला हा माणूस लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये शिकला आणि मग पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. जगातले निम्मे कंपोजर ज्यांच्या पायऱ्या झिजवत होते त्या या बाई. 1959 मध्ये भाटिया परत आले, तेव्हा त्यांच्या हातात जे कसब होतं ते वाजवायला इथे कायमचा पगारी वाद्यवृंदच नव्हता. मेहली मेहतांनी 1935 मध्ये उभी केलेली बॉम्बे सिम्फनी हौशी लोकांच्या जिवावर चालायची, आणि मेहली स्वतः तोवर मुंबई सोडून गेले होते. भाटियांनी दिल्ली विद्यापीठात शिकवलं आणि हजारो जाहिरातींच्या जिंगल केल्या. राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री, सगळं झालं, आणि शेवटची वर्षं पैशांच्या ओढगस्तीत गेल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. 2021 मध्ये गेले. मी त्यांना करुण कथा म्हणून पुढे करत नाही, जिंगलमध्येही त्यांनी जे केलं ते कित्येकांना सिम्फनीत जमत नाही. पण शिक्षण पॅरिसचं आणि वादक कुठलेच नाहीत, ही गाठ तुझ्यापुढेही येणार. त्यांच्या काळापेक्षा आज बरं आहे. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण त्यात सीझनपुरते बाहेरून येणारे वादक पुष्कळ आणि इथले मोजके. तुझी रहाटाची रचना ते उद्या वाजवतील या भरवशावर वाडी विकू नकोस.

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांचं नाव आख्ख्या देशाला एका सिनेमाच्या गाण्यातून माहीत आहे, माणूस फार थोड्यांना. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज (नोटेशन बघून सूर गाणं) आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या स्टुडिओंत आलेल्या पिढीतले ते. दिवसभर दुसऱ्यांच्या चालींचं अरेंजिंग. पण 1958 मध्ये त्यांनी स्वतः वादक जमवून इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर बेतलेलं आपलं लिहिलेलं त्यांच्यासमोर ठेवलं, आणि स्वतः हात चालवला. वाट कुणी काढून दिली नाही. टिकलं का? फार नाही. पण वाजलं.

पोटाचा धंदा सांभाळून लिहिणाऱ्यांचा मूळपुरुष अमेरिकन कंपोजर चार्ल्स आइव्ज. न्यूयॉर्कमध्ये विम्याचा मोठा धंदा, आणि रात्री नि रविवारी लिखाण. नोकरी सोडायची घाई करू नकोस हे सांगायला त्याचा दाखला चांगला आहे. पण त्याचीच दुसरी बाजूही बघ: विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहिलेली त्याची तिसरी सिम्फनी पहिल्यांदा वाजली 1946 मध्ये, तो 71 वर्षांचा असताना. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. वाजवली कुणी? लू हॅरिसनने, जो स्वतः कंपोजर होता आणि हात चालवायला उभा राहिला होता. आइव्जकडे पैसा होता, वाद्यवृंद नव्हता.

आता तुझी बारा पानं. चष्मा लावून दोनदा वाचली, दुसऱ्यांदा व्हायोला मांडीवर घेऊन.

पाच मात्रांचा रहाट छान फिरतो. दोन आणि तीन, दोन आणि तीन, आणि मधूनच तीन आणि दोन, जणू बैल थबकला. सातव्या पानावर दुसरी व्हायोलिनं मागे राहतात आणि पहिली पुढे निघतात, ती जागा वाचताना मला लोखंडी डबे पाण्यात शिरल्याचा आवाज आला. हे तुझं आहे. हे कुणी शिकवलेलं नाही.

पण चौदाव्या बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या चौदाव्या घरात, तू व्हायोलाला सगळ्यात खालच्या तारेच्याही खालचा बी हा सूर दिला आहेस. आमची खालची तार सी. त्याखाली लाकूड. एकविसाव्या बारमध्ये सी शार्प आणि त्यावरचा एफ एकाच वेळी मागितला आहेस. दोन्ही सूर त्याच एका तारेवर येतात, आणि एक तार एका वेळी एकच सूर देते. पान नऊवर व्हायोलिनांना म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावायला एका मात्रेची सवड आहे. मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत ती अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त. तेवढ्यात बो, म्हणजे गज, धरलेल्या हाताने म्यूट चढवायचा? आणि तुझ्या व्हायोलाच्या पार्टला, म्हणजे त्या वादकासमोरच्या पानांत, पहिल्या बारपासून चौसष्टाव्या बारपर्यंत एकही विश्रांती नाही. पान उलटायचं कुणी? डेस्कवर आम्ही दोघे असतो, आतल्या बाजूचा वाजवायचं थांबवून पान उलटतो, म्हणजे नेमक्या तिथे तुझा अर्धा आवाज जातो. छोट्या गटात एकच व्हायोला असेल तर सगळाच.

यातली एकही चूक कॉम्प्युटरने तुला दाखवली नाही. कॉम्प्युटर बी सूर वाजवतो, सी शार्पही वाजवतो, त्याला पान उलटायचं नसतं, श्वास लागत नाही, आणि जेवायची सुट्टीही नको असते. या चुका फक्त समोरच्या माणसाच्या तोंडावर दिसतात.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: लिहिणं हा तुझा प्रपंच, आणि हात चालवणं त्या प्रपंचासाठी शीक. उलट क्रमाने गेलीस, म्हणजे आधी कंडक्टर होऊ आणि मग सवडीने लिहू म्हणालीस, तर ती सवड येत नाही. तारखा आधी भरतात. सालोनेनलासुद्धा वर्षच्या वर्ष कॅलेंडरमधून कापून काढावं लागलं, आणि तेव्हा त्याच्याकडे कापायला काहीतरी होतं.

पण हात चालवायला शीकच. कोयर घेतेस हे उत्तम, मात्र त्याच्या सवयी वाद्यवाल्यांपुढे नडतात. कोयर घेणारे बहुतेक जण तोंडाने शब्द म्हणत, दोन्ही हात सारखे हलवत, गाणाऱ्यांच्या सोबतीने जातात. वादकाला सोबत नको असते, आधी निरोप हवा असतो. सुरू होण्याआधी हात वर जातो ना, तो उचललेला हात हाच खरा हुकूम. त्यात लय, जोर, बोचा कोन, सगळं असतं. तो खाली येईपर्यंत आमचं ठरलेलं असतं. मी एकदा एका नावाजलेल्या कंपोजरच्या हाताखाली त्याचीच रचना वाजवली. हात इतका सुंदर, इतका गोलगोल, की मात्रा कुठे पडते ते कुणालाच कळेना. शेवटी आम्ही सगळे पहिल्या व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्याच्या भुवयांकडे बघत पोचलो. टाळ्या कंपोजरला. भुवयांना कुणी विचारलं नाही. तुझ्या पाच मात्रांच्या रहाटात असा हात चालणार नाही. लय वाढली की एक आखूड आणि एक लांब अशा दोनच ठोशांत पाच बसवावे लागतात, ते आधी टेबलावर बोटांनी पक्कं कर.

आता वाडी.

नको विकू. निदान यंदा नको. कंडक्टिंगच्या मास्टर्सला अर्ज करायचा तर वाद्यवृंदासमोर उभी असलेली तू त्यांना व्हिडिओत दिसायला हवीस, कोयरसमोर नव्हे. तसं चित्रण तुझ्याकडे नाही. शिवाय जर्मनीत तर पियानोवर फार भर असतो. तिथले बरेच कंडक्टर ऑपेरा हाउसमध्ये गायकांना पियानोवर तालीम देतादेता वर चढतात. थोडाफार पियानो तिथे पुरत नाही. कंपोजिशनला मात्र तुझी लिहिलेली कामं आणि त्यांची खरी रेकॉर्डिंग्ज लागतात, आणि ती तू वर्षभरात तयार करू शकतेस. खर्चाचं म्हणशील तर पप्पांना सांग की 'परदेश' हा एकच देश नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांत फी नाममात्र आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो. मोठा आकडा राहण्याखाण्याचा: व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, 2024 च्या सप्टेंबरमध्ये ठरलेला हा आकडा, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा लाखांच्या आसपास. आणि जर्मन भाषा. ती मात्र उद्यापासून सुरू कर, तिला वाडी विकावी लागत नाही. बँकेच्या पगारातून दोन-तीन वर्षांत किती साठतं ते पप्पांसमोर कागदावर मांड. त्यांना कागद बघून बरं वाटेल, वाडी वाचली म्हणून आईलाही. आई गप्प आहे ती कदाचित तुझ्या संगीतावर नाही, त्या तुकड्यावर गप्प आहे. एकदा तिला एकटीला विचार.

अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी कंपोजिशन शिकायला जाणं म्हणजे उशीर नव्हे. कंडक्टिंगच्या स्पर्धांना वयाची अट असते, हे खरं. पण तू स्पर्धेसाठी कुठे उभी राहतेस?

या वर्षात काय करायचं ते सांगतो. अकरा मिनिटं बाजूला ठेव. रहाटातली चांगली सहा मिनिटं घे आणि नऊ जणांसाठी पुन्हा लिही, असे नऊ जण जे तुला खरोखर मिळतील. व्हायोलिनवाले तुझ्या सरांकडचे चार. चेलो वांद्र्याला शोध, मिळतो. डबल बास नसेल तर नको. आणि तुमच्याकडचे लग्नाचे बँडवाले विसरू नकोस: ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट. त्यांना कमी लेखशील तर फसशील. तीन तास वरातीपुढे उभं राहून वाजवणाऱ्याचे ओठ स्टुडिओतल्यांहून दणकट असतात. त्यांतल्या कुणाला नोटेशन वाचता येत नसेल, तर एक पाठ करणारा आणि एक वाचणारा असे दोघे घे. फक्त लक्षात ठेव, त्यांची वाद्यं बी फ्लॅटची. जसाच्या तसा सूर लिहून दिलास तर तो एक पूर्ण स्वर खाली ऐकू येईल, पार्ट वर चढवूनच लिहायचा. हे मी यासाठी सांगतो की एका रेकॉर्डिंगला नेमकं हेच झालं होतं. चाळीस मिनिटं आम्ही सगळे तोंडं लपवून बसलो होतो आणि अरेंजर हेडफोनला शिव्या देत होता.

पार्ट स्वतः काढ, छापून, चिकटवून. पान उलटायच्या जागी विश्रांती ठेव. दर आठ-दहा बारांवर मोठं अक्षर टाक, म्हणजे 'सी पासून' म्हणता येईल. नाहीतर 'ते वर जातं ना, तिथून' असं तासभर चालतं. वादकांना भाडं आणि नाश्ता दे, आणि थोडे का होईना पैसे दे. फुकट येणारा वादक दुसऱ्या तालमीला येत नाही. दोन तासांच्या तीन तालमी, मग चर्चच्या हॉलमध्ये एकदा वाजव. फोन वादकांच्या बाजूने लाव, तुझा चेहरा आणि हात दिसतील असा. घरी जाऊन बघ. पहिल्यांदा बघताना लाज वाटेल, दुसऱ्यांदा कमी.

मग त्याच नऊ जणांसाठी दुसरं काहीतरी लिही.

सरांशी भांडू नकोस. त्यांना पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत बसव. डगरी त्यांना तिथून नीट दिसतील.

व्हायोला मात्र वसईत तुला मिळणार नाही, विरारपर्यंत शोधलंस तरी. तारीख ठरली की या सदराच्या पत्त्यावर कळव. रविवारी लोकलला गर्दी कमी असते, मी माझी व्हायोला घेऊन येतो. पैसे नकोत, केळी चालतील. फक्त त्याआधी चौदावा बार दुरुस्त कर.